केमोनंतरचा दहावा दिवस

आमखास मैदानाजवळच्या आपल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मावशीची केमो सुरू होती. तेव्हा मला एकच प्रश्न पडायचा: औषध गाठीसाठी, मग रक्त का कमी होतं?

उत्तर हाडांच्या आत, अस्थिमज्जेत आहे. तिथे रोज अब्जावधी रक्तपेशी बनतात. केमो भराभर वाढणाऱ्या पेशी मारते, मग त्या कॅन्सरच्या असोत की मज्जेतल्या. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी काही दिवसच जगतात, म्हणून त्या आधी घटतात. साधारण ७ ते १४ दिवसांत सगळ्यात कमी. तांबड्या पेशी १२० दिवस जगतात, म्हणून अशक्तपणा हळूहळू येतो.

मज्जा म्हणजे वाफा समजा. मूळपेशी हे बी, भोवतीच्या रक्तवाहिन्या आणि आधारपेशी ही माती. केमोने रोपं करपतात, पण बी उरतं आणि पुन्हा उगवतं. रेडिएशनचा मोठा डोस मात्र मातीच बिघडवतो. तिथे चरबी भरते.

दहाव्या रात्री मावशीला ताप आला. "सकाळी बघू गं," म्हणाली. आम्ही थांबलो नाही, तेच बरं झालं. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे इमर्जन्सी. गोळी देऊन झोपवू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.

आणि हो, दान केलेले प्लेटलेट जेमतेम ५ दिवस टिकतात. रक्तपेढीचा फोन आला तर उचला!