श्वास मोजायला शिकलो तो दिवस

मागच्या आठवड्यात इंटर्नशिप करणारा एक तरुण डॉक्टर भेटला. प्राथमिक आरोग्य केंद्रावर नेमणूक झाली म्हणून हिरमुसला होता. "सर, तिथे ना एक्स-रे, ना तपासण्या. शिकायचं काय?" त्याला मी १९९४ सालची माझी हकिगत सांगितली. तीच आज वाचकांना सांगतो.

एम.बी.बी.एस. होऊन मीही असाच डोंगराकडच्या एका केंद्रावर गेलो होतो. मोठ्या रुग्णालयात रोगी येतो तो चार ठिकाणी फिरून, रोग पुरता अंगावर आल्यावर. केंद्रावर तो पहिल्या-दुसऱ्या दिवशीच येतो. ताप आहे, खोकला आहे, एवढेच सांगतो. त्यातले बहुतेक आपोआप बरे होणारे असतात. जो होणार नाही, तो गर्दीतून हुडकायचा कसा, हे मी परीक्षेपुरतेच वाचले होते.

बाजाराचा दिवस होता. एक आजी आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन आली. मी छातीला स्टेथोस्कोप लावला, पण पोर असे रडत होते की रडण्याशिवाय काही ऐकू येईना. तापाचे आणि खोकल्याचे औषध लिहून पुढच्या रोग्याला हाक मारली.

थोड्या वेळाने नर्सबाई आल्या. "डॉक्टर, जरा बाहेर येता का?" चारचौघांत बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. व्हरांड्यात मूल आजीच्या मांडीवर शांत झाले होते. बाईंनी अंगडे वर केले, मनगटावरचे घड्याळ माझ्यापुढे धरले आणि म्हणाल्या, "एक मिनिट मोजा." मी मोजले. बासष्ट. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजले. साठ.

न्यूमोनियाच होता. मूल दूध पीत होते, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात नव्हता, म्हणून केंद्रावरच उपचार करता आले. तेव्हा कोट्रायमोक्साझोल देत असू. आता अमॉक्सिसिलिन देतात. दोन दिवसांनी श्वास चाळिसावर आला. आजी मात्र सुई टोचली नाही म्हणून नाराजच होती!

ही विद्या एकट्या त्या बाईंची नव्हती. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. त्यामुळे बालमृत्यू घटले, हे १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. माझ्या वाचनात ते आले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

तरुण डॉक्टरने ऐकून घेतले आणि विचारले, "पण सर, एवढ्या गर्दीत प्रत्येक मुलाला एक मिनिट आणायचं कुठून?" प्रश्न खरा आहे. माझ्याही दवाखान्यात कधी कधी ते मिनिट चुकते, हे कबूल करतो. म्हणून आता खोकणाऱ्या मुलाच्या आईलाच बाकावर बसल्या बसल्या मोजायला सांगतो. घरीही हे जमण्यासारखे आहे.

मूल शांत किंवा झोपलेले असावे. पोट वर आले की एक, असे पूर्ण मिनिटभर मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे. मागच्या वेळची उरलेली बाटली काढून पाजू नये.

मात्र मूल दूध-पाणी घेईनासे झाले, सगळे ओकून टाकू लागले, झटके आले, गुंगीत राहू लागले किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तर मोजत बसू नये. सरळ रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास नुसता जलद असला, तरीही तेच करावे.