उष्ण हवेतले चामडी जाकीट

चामड्याच्या जाकिटात उकडते ते जाडीमुळे, आणि बरेचदा त्याहून अधिक अस्तरामुळे. मोटरसायकलस्वारांच्या जाकिटांचे गाईचे चामडे एक मिलिमीटरहून जाड असते. कपड्यांसाठी कमावलेले मेंढीचे किंवा शेळीचे चामडे साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर. मेंढीचे लोण्यासारखे मऊ, पण लवकर फाटणारे. शेळीचे हलके असूनही चिवट, म्हणून मुंबई-चेन्नईच्या दमट हवेत तेच घ्यावे. मात्र असे पातळ चामडे दुचाकीवरून पडल्यास पुरेसे संरक्षण देत नाही.

पॉलिएस्टरचे अस्तर घाम शोषत नाही आणि पाठीला चिकटते. त्याऐवजी सुती किंवा फक्त खांद्यापुरते अस्तर आणि काखेत बारीक छिद्रे असावीत.

रंगाचा जाड थर चामड्याची रंध्रे बुजवतो. कॉलरच्या आत पाण्याचा थेंब ठेवावा: तो हळूहळू मुरून डाग गडद झाला, तर रंध्रे मोकळी आहेत. धारावीच्या चामडेबाजारात दुकानदाराला विचारूनच हे करावे, कारण अशा चामड्यावर डागही लवकर पडतात.

पावसाळ्यात जाकीट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यास बुरशी धरते. ते सुती कापडात, रुंद खांद्याच्या हँगरवर टांगावे.