मनातील सराव, पायांतील बळ

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत मायकेल फेल्प्सच्या पोहण्याच्या चष्म्यात पाणी शिरले. अखेरचे अंतर त्याने जवळजवळ काहीही न दिसता, हातांचे फटके मोजत कापले. तरीही १ मिनिट ५२.०३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. प्रशिक्षक बॉब बोमन यांनी त्याला संपूर्ण शर्यत नित्य मनश्चक्षूंपुढे पाहण्याची सवय लावली होती. त्यात बिघडलेल्या शर्यतीही असत.

अशा मानसिक सरावाचा परिणाम स्नायूंवरही दिसतो. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यू आणि कोल यांच्या प्रयोगात करंगळीचा व्यायाम प्रत्यक्ष करणाऱ्यांची ताकद चार आठवड्यांत सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. तो केवळ मनात करणाऱ्यांची सुमारे २२ टक्क्यांनी. बळ वाढण्याचा आरंभ स्नायूंच्या आधी मज्जासंस्थेत होतो, हे त्यावरून दिसले.

ज्येष्ठांसाठी याचे मोल मोठे आहे. एकदा पडल्यानंतर मनात भीती घर करते. चालणे कमी होते, स्नायू दुर्बळ होतात आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. हे चक्र तोडण्यासाठी खेळाडूंच्या तीन सवयी उपयोगी पडतात.

पहिली, उठण्यापूर्वीची उजळणी. खुर्चीतून उठण्याआधी पाय मागे घेणे, पुढे झुकणे आणि उभे राहणे हा क्रम डोळे मिटून मनात पाहावा. मग डोळे उघडून, क्षणभर थांबून उठावे.

दुसरी, दीर्घ श्वास. जिन्यापाशी थांबून सावकाश श्वास सोडल्यास अंगाचा ताठरपणा कमी होतो.

तिसरी, सूचक शब्द. ‘टेक, धर, चढ’ असे छोटे शब्द स्वतःशी उच्चारल्याने लक्ष भीतीवरून कृतीकडे वळते.

येथे घरच्यांची भूमिका महत्त्वाची. ‘अहो, पडाल!’ या हाकेने पडण्याचेच चित्र मनात उमटते. त्याऐवजी ‘आजी, कठडा धरा’ असे म्हणावे. काय टाळायचे यापेक्षा काय करायचे, हे सांगावे.

अर्थात, मनातील सराव प्रत्यक्ष व्यायामाची जागा घेत नाही. भोवळ येत असल्यास, दृष्टी मंदावली असल्यास किंवा नवे औषध सुरू झाले असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घरात पुरेसा उजेडही असावा. एवढी काळजी घेतल्यावर अंगणापर्यंतची दहा पावले हीसुद्धा एक शर्यतच आहे. ती आधी मनात जिंकावी, मग पायांनी.