मातृभाषेचा एकच रकाना

2011 च्या फेब्रुवारीत जनगणनेसाठी एक मास्तर आमच्या निपाणीच्या घरी आले. आण्णा सोप्यात बसले होते. मास्तरांनी मातृभाषा विचारली, आण्णांनी ‘मराठी’ सांगितले, आणि मास्तर खाली सगळ्यांच्या नावापुढे तेच लिहीत गेले. चहा ठेवून आत गेलेल्या अव्वाला कोणी विचारले नाही. रात्री जेवायला वाढताना ती सहज म्हणाली, “माझंबी मराठीच लिवलं व्हय?” आण्णा हसले. मी ताटात बघत राहिलो.

अव्वा हुक्केरी तालुक्यातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मोडकेतोडके मराठी येत होते. बाकीचे ती माझ्या आजीच्या हाताखाली चुलीपाशी शिकली. पण मला निजवताना तिच्या तोंडी यायचे ते कन्नड जोगुळच. अजूनही मी कॉलेजातून आलो की “ऊटा आतेन?” असेच विचारते. जनगणनेच्या सूचनांत मातृभाषा म्हणजे काय ते सांगितलेले आहे : लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली ती. त्या हिशेबाने मराठी शाळेत शिकलेल्या माझी मातृभाषासुद्धा कन्नडच निघते! हे आण्णांना सांगायचा धीर मला कधी झाला नाही. आता ते नाहीत.

मी अर्थशास्त्र शिकवतो. माणूस नफातोटा पाहून निवड करतो, असे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर मांडत आलो. वर्तनशास्त्राने त्याला चांगलाच धक्का दिला. रिचर्ड थेलर यांना 2017 चे नोबेल याच कामाबद्दल मिळाले आणि आपल्या केंद्र सरकारच्या 2018-19 च्या आर्थिक पाहणीत या विषयावर स्वतंत्र प्रकरण आले. जबरदस्ती न करता माणसाला हलकेच एका बाजूला वळवणे, याला ते ‘नज’ म्हणतात. (आपल्या ‘कोपरखळी’त चेष्टा येते, म्हणून तो शब्द इथे चालत नाही.) यातला सर्वांत बळकट प्रकार म्हणजे न विचारता आधीच भरून ठेवलेले उत्तर. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जर्मनीत अवयवदानाला संमती होती 12 टक्के लोकांची, तर शेजारच्या ऑस्ट्रियात जवळजवळ सर्वांची. भाषा एक, संस्कृतीही बरीचशी एक. फरक एवढाच, की जर्मनीत ‘हो’ कळवावे लागे आणि ऑस्ट्रियात ‘नाही’ कळवावे लागे. बहुतेकांनी काहीच कळवले नाही.

आमच्या सोप्यात तेच झाले. घरच्या कर्त्याचे उत्तर सगळ्यांचे धरले गेले. अव्वाने ‘नाही’ कळवले नाही, एवढेच.

यात काय बिघडले, असे कोणी म्हणेल. इतर ठिकाणी बिघडत नसेलही, पण आपल्याकडे या रकान्याला वजन आहे. गाव हा घटक धरावा आणि भाषिक बहुसंख्या पाहावी, ही महाराष्ट्राची मागणी 1957 पासूनची. 1967 साली महाजन आयोगाचा अहवाल आला आणि 2004 साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. या सगळ्यात मातृभाषेचे आकडे पुन्हा पुन्हा उगाळले गेले. शिवाय 1956 च्या भाषिक अल्पसंख्याकांविषयीच्या तरतुदींप्रमाणे तालुक्यात किंवा नगरपालिकेत 15 टक्के लोक एका भाषेचे असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही निघायला हव्यात. म्हणजे आण्णांचे ‘मराठी’ हे निव्वळ हट्ट नव्हते. आपला आकडा घटला तर सातबारा, नोटिसा, शाळा सगळेच जाईल, ही भीती त्यामागे होती. ती भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. कन्नड घरांतही तिचीच दुसरी बाजू आहे.

पण रकाना माणसांना विभागतो तेव्हा पुढे काय होते, ते हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या सुमारास ब्रिस्टॉलच्या शाळकरी मुलांवर पाहिले. ताजफेल मूळचे पोलंडचे ज्यू. महायुद्धात त्यांचे घरदार संपले होते. त्यांनी मुलांचे नावापुरते दोन गट पाडले : तुला हा चित्रकार आवडतो, त्याला तो. मग इतरांना गुण वाटायला सांगितले. आपल्या गटाला 19 आणि दुसऱ्याला 25, की दोघांना 13, की आपल्याला 7 आणि दुसऱ्याला फक्त 1? बरीच मुले स्वतःच्या गटाचे नुकसान सोसूनही दुसऱ्यापेक्षा वरचढ राहण्याकडे झुकली.

मी हा खेळ बी.ए.च्या वर्गात केला. वर्गात मराठी, कन्नड, उर्दू अशी सगळी मुले. लाल आणि निळ्या चिठ्ठ्या वाटल्या. अर्ध्या तासात ‘लाल’वाले ‘निळ्यां’कडे संशयाने बघू लागले आणि 7-1 चीच मागणी जास्त झाली. गंमत अशी, की एकाच बाकावरचे दोन मराठी मित्र त्या तासापुरते विरोधक झाले आणि मागच्या बाकावरचा कन्नड मुलगा त्यांतल्या एकाचा जिवलग. तास संपल्यावर एकाने विचारले, “सर, उद्या पिवळ्या चिठ्ठ्या आणल्या तर?” मला उत्तर सुचले नाही.

जनगणनेत मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा लिहिता येतात हे खरे. पण वाद होतो तो पहिल्या रकान्यावरच. आपल्यासारख्या घरांसाठी तिथे दोन भाषा मावायला हव्यात असे माझे मत आहे. ते ना इकडच्या पुढाऱ्यांना आवडेल, ना तिकडच्या.

कोविडमुळे 2021 ची जनगणना लांबली आणि पुढे ती 2027 साठी जाहीर झाली. त्या दिवशी सोप्यात मी बसणार नाही असे मी अव्वाला सांगून टाकले आहे; तिचे उत्तर तिने द्यायचे. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “येऊ देत की त्यास्नी. मराठीत इचारलं तर मराठीतच सांगीन, कन्नड म्हणून.”