'ओव्हरक्राउडेड': माणसे किती आणि जागा किती

'ओव्हरक्राउडेड' हे इंग्रजी विशेषण मराठी माध्यमात शिकलेल्यांच्या वाक्यात अनेकदा अडखळते, आणि त्याचे मूळ 'गर्दी' या शब्दाच्या सवयीत आहे. मराठीत गर्दी होते, जमते, उसळते, ओसरते. ती माणसांची असते, आणि वाक्यात जागेचा उल्लेख येतो तो ती कोठे झाली एवढे सांगण्यापुरता. इंग्रजी विशेषण मात्र सहसा त्या जागेलाच लागते, म्हणजे बस, वर्ग, तुरुंग किंवा वॉर्ड हा वाक्याचा कर्ता होतो, आणि त्याला जोडलेला 'ओव्हर' हा उपसर्ग असे गृहीत धरतो की त्या जागेला काही मर्यादा होती आणि ती ओलांडली गेली आहे. म्हणूनच 'पीपल वेअर ओव्हरक्राउडेड इन द बस' हे वाक्य कानाला खटकते आणि 'द बस वॉज ओव्हरक्राउडेड' हे सरळ उतरते.

व्याकरणाच्या बाकीच्या अडचणी याच मुळातून फुटतात. 'व्हेरी क्राउड' असे लिहिणारा 'क्राउड' या नामालाच विशेषण समजतो, कारण 'खूप गर्दी' या मराठी जोडीचे दोन्ही तुकडे तो जसेच्या तसे उचलतो. तेथे 'व्हेरी क्राउडेड' हवे. ज्या माणसांनी जागा भरली त्यांचा उल्लेख करायचा असेल तर 'विथ' हे शब्दयोगी अव्यय वापरावे, म्हणजे 'द प्लॅटफॉर्म वॉज क्राउडेड विथ पॅसेंजर्स'. 'ओव्हरक्राउडिंग' हे भाववाचक नाम अगणनीय आहे, म्हणजे त्याची एक-दोन अशी मोजणी होत नाही, त्यामुळे त्याच्याआधी 'ॲन' लावता येत नाही आणि त्याचे अनेकवचनही करता येत नाही. 'टू ओव्हरक्राउडेड' ही जोडी तर दुहेरी अतिरेकाची, कारण 'टू'चे काम 'ओव्हर'ने आधीच केलेले असते. तीव्रता दाखवायचीच असेल तर 'बॅडली' किंवा 'सिव्हिअरली' शोभते. 'ओव्हरक्राउड' हे क्रियापद सकर्मक असून त्याचे कर्मही जागाच असते, आणि ते सर्वाधिक भेटते ते पाककृतींमध्ये: 'डोन्ट ओव्हरक्राउड द पॅन', म्हणजे कढईत एका घाण्याला जास्त वडे सोडू नयेत, कारण तेल थंड पडते आणि वडे कच्चे राहतात. माणसांशी काहीही संबंध नसलेले हे वाक्य शब्दाचा खरा अर्थ फार चोख दाखवते, कारण वडे चार आहेत की चौदा याला तेथे महत्त्व नाही, कढई केवढी आहे याला आहे.

मराठी बोलण्यात रुळलेले इंग्रजी शब्द या गोंधळात आणखी भर घालतात. 'लोकलला आज फार रश होता' हे मुंबईत शुद्ध मराठी मानले जाते, पण 'देअर वॉज मच रश इन द ट्रेन' हे भारताबाहेरच्या इंग्रजी वाचकाला चमत्कारिक वाटते, कारण त्याच्या लेखी 'रश' म्हणजे घाई किंवा मुसंडी. 'रश अवर' या जोडशब्दात मात्र तो गर्दीच्या वेळेसाठी सर्वमान्य आहे. 'घर फार कंजेस्टेड आहे' हेही असेच. इंग्रजीत 'कंजेस्टेड' रस्ता असतो, बंदर असते, सर्दीने चोंदलेले नाक असते. अंग वळवायला जागा नसलेल्या खोलीला 'क्रॅम्प्ड' म्हणतात, आणि अशी खोली एकट्या माणसालाही अपुरी पडू शकते. वजनाने मर्यादा ओलांडलेला मालट्रक 'ओव्हरलोडेड' ठरतो. नाट्यगृहाबाहेर लागणारी 'हाऊसफुल्ल'ची पाटी तर अतिगर्दीची सूचना देतच नाही, क्षमता नेमकी भरल्याची देते, आणि निर्मात्याला ती पाहून आनंद होतो. 'ओव्हरक्राउडेड' म्हटल्यावर कोणालाही आनंद होत नाही, कारण त्या शब्दात तक्रार दडलेली असते.

ही तक्रार शासनाच्या भाषेत शिरली ती आरोग्याच्या वाटेने. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा हवा-उजेड नसलेल्या खोल्यांत कोंडलेली वस्ती हे रोगाचे एक कारण मानले गेले आणि १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२०च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि तीत एकेक कुटुंब पाहुण्यांसह राहिले. ब्रिटनमध्ये १९३५च्या गृहनिर्माण कायद्याने घर केव्हा 'ओव्हरक्राउडेड' समजावे याची व्याख्याच घालून दिली, तर संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसे राहत असतील तर निवाऱ्याची जागा अपुरी, असा दंडक ठेवला आहे. भारतीय तुरुंगांच्या वार्षिक आकडेवारीत कैद्यांच्या संख्येला मंजूर क्षमतेने भागून टक्केवारी काढतात, आणि ३१ डिसेंबर २०२२ रोजी ती देशभरासाठी १३१.४ होती, म्हणजे शंभर जणांच्या जागेत १३१ माणसे. 'द प्रिझन इज ओव्हरक्राउडेड' हे वाक्य येथे भागाकाराने सिद्ध करता येते.

मुंबईच्या लोकलपुढे मात्र हा शब्दही थकला. नऊ डब्यांची गाडी सुमारे १,७०० प्रवाशांसाठी आखलेली असताना ऐन गर्दीच्या वेळी तीत साडेचार हजारांहून जास्त माणसे जाऊ लागली, आणि रेल्वेला 'सुपर डेन्स क्रश लोड' असा खास पारिभाषिक शब्द वापरावा लागला. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी, असा त्याचा अर्थ. तिघांच्या बाकड्यावर अर्ध्या मांडीने टेकणाऱ्या चौथ्या माणसाला 'चौथी सीट' मिळाली असे जेथे समाधानाने म्हटले जाते, तेथे मर्यादा ओलांडल्याची तक्रार कोणी करायची हाही प्रश्नच.

याच्या अगदी उलट चित्र पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ टोकाला, जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत दिसते, आणि 'दाट वस्तीचा' व 'ओव्हरक्राउडेड' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी का वापरता येत नाहीत ते तेथे लख्ख समजते. हा मुलूख टेकड्या, जंगल आणि विखुरलेल्या पाड्यांचा, वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी या समाजांचा. मुंबईत एका चौरस किलोमीटरमागे वीस हजारांच्या घरात माणसे मोजली जातात, त्याच्या जवळपासही येथील घनता जात नाही. तेव्हा 'जव्हार इज ओव्हरक्राउडेड' हे विधान साफ खोटे ठरेल. परंतु कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपून उभारलेल्या एकदालनी घरात आजी-आजोबा, आई-वडील आणि पोरे एकत्र झोपत असतील, तर त्या घराला हे विशेषण लावणे संयुक्त राष्ट्रांच्या मापानेही बरोबर आहे. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीला निघतात. पाडा ओस पडतो आणि त्याच माणसांची खोपटी भट्टीच्या कडेला दाटीने उभी राहतात. म्हणजे तीच माणसे गावात विरळ वस्तीचा भाग असतात आणि भट्टीवर अतिगर्दीचा, म्हणून हे विशेषण त्यांना चिकटत नाही, त्यांना दिलेल्या जागेला चिकटते.

प्रवासाची गोष्टही तशीच. या तालुक्यांत रेल्वे नाही. एसटी किंवा खासगी जीप एवढाच आधार, आणि बाजाराच्या दिवशी जीपच्या मागच्या फळीवरही माणसे उभी असतात. अशा जीपविषयी 'द जीप वॉज ओव्हरक्राउडेड' हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आणि वस्तुस्थितीने खरे आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेले कलम १९४-अ मात्र वर्णनावर न थांबता मोजणीवर जाते: नोंदणी प्रमाणपत्रात किंवा परवान्याच्या अटीत जेवढे प्रवासी मान्य, त्याहून वर असलेल्या प्रत्येकामागे २०० रुपये दंड. जादा प्रवासी उतरवून त्यांच्यासाठी दुसऱ्या वाहनाची सोय होईपर्यंत ते वाहन पुढे जाऊ देऊ नये, अशीही तरतूद त्यात आहे. मुंबईत ही सोय पुढच्या बसने होते; घाटाच्या वळणावर, शेवटची एसटी निघून गेल्यावर, ती कोणी आणि कोठून करायची याविषयी कलम काही बोलत नाही.