कुलाबा किनाऱ्यावरील बर्फाचा धंदा : मीठ, वीज आणि विक्रीचा अवधी

नाशवंत मालाच्या व्यापारात मालाच्या राशीइतकेच महत्त्व तो विकण्यासाठी हाती असलेल्या अवधीला असते. धान्य कणगीत थांबू शकते. मासळी थांबत नाही. म्हणून किनारपट्टीच्या अर्थव्यवहाराचा विचार करताना होड्या, जाळी आणि पकड यांबरोबरच मासळी टिकविण्याच्या साधनांचाही इतिहास पाहणे अगत्याचे ठरते. आजच्या रायगड जिल्ह्याच्या, म्हणजेच 1981 पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनाऱ्यावर हे साधन प्रथम मीठ व ऊन हे होते. पुढे त्यांच्या जोडीला बर्फ आला. हा बदल वरवर पाहता केवळ तांत्रिक आहे. परंतु मासळी किती वेळ थांबवावयाची हे ठरविण्याची शक्ती कोणाच्या हाती राहावी, हा प्रश्न त्याने उपस्थित केला. या प्रश्नाच्या अनुरोधाने बर्फाच्या धंद्याचे विवेचन येथे केले आहे.

1. मीठ आणि ऊन

उरण व पेण या भागांतील मिठागरे जुनी आहेत. बोंबील, जवळा यांसारखी मासळी उन्हात वाळविणे आणि मोठ्या मासळीस मीठ भरून ती खारविणे, या दोन्ही क्रियांना लागणारी साधने किनाऱ्यावरच उपलब्ध होती. त्यांसाठी लागणारे श्रम बहुतांशी कोळी कुटुंबातील स्त्रियांचे असत, आणि सुक्या मासळीची विक्रीही त्यांच्याच हाती असे. मिठावरील सरकारी कर हा या व्यवस्थेवरील मोठा बोजा होता. तो 1947 मध्ये रद्द झाला. तथापि साधने गावातच असल्यामुळे सुकी मासळी पावसाळ्यापर्यंत राखून ठेवणे आणि भाव येईल तेव्हा विकणे कोळी कुटुंबास शक्य होते.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट होती. पापलेट, सुरमई, कोळंबी या जातींना खरा भाव ताज्या स्थितीत मिळतो. ताजी मासळी टोपलीतून जेवढ्या अंतरावर सकाळच्या प्रहरात पोहोचेल, अथवा अनुकूल वाऱ्यावर जेवढी मुंबईस जाईल, तेवढाच तिचा बाजार. मोरा, करंजा व रेवस ही बंदरे मुंबईसमोरच असल्यामुळे त्यांना हा बाजार साधत असे. मुरूड हे अलिबागच्या दक्षिणेस सुमारे 50 किलोमीटरवर असून मध्ये रेवदंड्याची खाडी आहे. श्रीवर्धन त्याहून दूर. 1948 पर्यंत ही दोन्ही गावे जंजिरा संस्थानात होती. ताज्या मासळीच्या बाजारापासून त्यांस दूर ठेवणारी गोष्ट संस्थानाची सीमा नसून मासळी कुजण्याचा वेग ही होती.

2. चैनीची वस्तू ते कारखान्याचा माल

पश्चिम किनाऱ्यावर बर्फ प्रथम आला तो समुद्रमार्गे, आणि तोही मासळीसाठी नव्हे. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ 1833 मध्ये कलकत्त्यास पाठविला. जहाजात सुमारे 180 टन बर्फ भरला होता. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातील सुमारे 100 टन शिल्लक राहिला. पुढल्याच वर्षी मुंबईसही असा बर्फ येऊ लागला, आणि 1843 मध्ये त्याच्या साठवणीसाठी तेथे स्वतंत्र बर्फघर उभारले गेले. हा बर्फ युरोपीय व धनिक भारतीय घराण्यांच्या पानपात्रांसाठी आणि रुग्णांसाठी होता. कोळ्याच्या टोपलीत तो घालावा, असा त्याचा भाव नव्हता.

यंत्राने बर्फ तयार करण्याची विद्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यवहारात आली. फ्रान्समध्ये फर्डिनांड कारे याने आणि जर्मनीत कार्ल फॉन लिंडे याने अमोनिया वापरणारी शीतयंत्रे सिद्ध केली. कलकत्त्यात बेंगॉल आइस कंपनी 1878 मध्ये स्थापन झाली. मोठ्या बंदरांतून असे कारखाने उभे राहताच अमेरिकन बर्फाचा व्यापार संपुष्टात आला. बर्फ ही आता दूरदेशीची नवलाई न राहता स्थानिक कारखान्याचा माल झाली; आणि ती पुरेशी स्वस्त झाल्यावरच मासळीच्या व्यापारात तिचा प्रवेश संभवनीय झाला.

3. लादी कशी तयार होते

किनाऱ्यावरील लहान कारखान्यांतून लादीचा बर्फ ज्या पद्धतीने होतो ती मूलतः तीच आहे. द्रवरूप अमोनियाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. साधारण वातावरणीय दाबाखाली त्याचा उत्कलनबिंदू उणे 33 अंश सेल्सिअस इतका आहे. ही वाफ दाबयंत्राने दाबून व पाण्याने थंड करून पुन्हा द्रवरूप केली जाते, आणि चक्र चालू राहते. अमोनियाच्या नळ्या मिठाच्या किंवा कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणाने भरलेल्या मोठ्या हौदात असतात. असे द्रावण शून्याखालीही गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे बुडवून ठेवले की डब्यांतील पाणी कडेकडून मध्याकडे गोठत जाते. मोठी लादी पूर्ण होण्यास एक अहोरात्र किंवा अधिक काळ लागतो. ज्या मिठाच्या जोडीला बर्फ आला, तेच मीठ अशा रीतीने बर्फाच्या उत्पादनातही उपयोगी पडते.

या धंद्याचे अर्थशास्त्र समजण्यास थोडा हिशेब पुरेसा आहे. 30 अंशांचे 1 किलो पाणी शून्य अंशापर्यंत आणण्यास 30 किलोकॅलरी आणि ते गोठविण्यास आणखी 80 किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. म्हणजे 1 टन बर्फासाठी किमान 1,10,000 किलोकॅलरी. हे काम विजेच्या बळावर होत असल्यामुळे उत्पादनखर्चात वीज हाच प्रमुख घटक ठरतो. दुसरी गरज गोड्या पाण्याची. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि क्षारयुक्त पाण्याची लादी ठिसूळ होऊन लवकर विरघळते.

वापराच्या बाजूचा हिशेबही उद्बोधक आहे. 30 अंशांची 1 किलो मासळी शून्य अंशापर्यंत थंड करण्यास सुमारे 24 किलोकॅलरी, म्हणजे जेमतेम 300 ग्रॅम बर्फ पुरतो. प्रत्यक्षात मासळीइतकाच बर्फ घालावा, असा उष्ण प्रदेशातील नियम आहे. उरलेला बर्फ मासळी थंड करण्यात नव्हे, तर होडीच्या खणातून, पेटीतून व वाहनातून सतत आत येणाऱ्या उष्णतेस तोंड देण्यात खर्ची पडतो. बाजार जितका दूर, तितका हा वाटा अधिक.

4. विजेचा विरोधाभास

बर्फास वीज लागते, आणि वीजनिर्मितीच्या बाबतीत कुलाबा जिल्हा मागासलेला नव्हता. टाटांचे खोपोली येथील जलविद्युत् केंद्र 1915 मध्ये सुरू झाले. त्यानंतर 1922 मध्ये भिवपुरीचे व 1927 मध्ये भिऱ्याचे. ही तिन्ही केंद्रे याच जिल्ह्यातील, सह्याद्रीच्या पायथ्याची. परंतु त्यांची वीज मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी व शहरासाठी होती. तारा डोंगरातून निघून थेट महानगराकडे गेल्या. किनाऱ्यावरील गावांचे व्यापक विद्युतीकरण 1960 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या काळात झाले. परिणामी जिल्ह्यातील पाण्यावर निर्माण झालेली वीज मुंबईस जाई, आणि किनाऱ्यावरच्या मासळीस लागणाऱ्या बर्फासाठी मुंबईकडे पाहावे लागे. बर्फाचा कारखाना कोठे निघावा हे मासळी कोठे मिळते यावर नव्हे, तर वीज कोठे पोहोचते यावर ठरत होते.

5. अवधी कोणाचा?

स्वातंत्र्योत्तर काळात होड्यांना इंजिने बसविण्यास सरकारी कर्जे व अनुदाने मिळू लागली. इंजिनामुळे होडी दूर जाऊ लागली, अनेक दिवस समुद्रात राहू लागली. त्यामुळे किनाऱ्यावरून निघतानाच बर्फ भरून नेणे अपरिहार्य झाले. कोळंबीच्या निर्यातीने ही गरज अधिकच वाढविली. अशा रीतीने पूर्वी पकड झाल्यानंतर लागणारे टिकविण्याचे साधन आता पकडीपूर्वीच रोख पैशाने विकत घ्यावे लागू लागले.

येथेच बदलाचे मर्म आहे. मीठ पडून राहिले तरी त्याचे मोल टिकते. बर्फ प्रतिक्षणी विरघळतो. डिझेल आणि बर्फ यांसाठी प्रत्येक फेरीस उचल घ्यावी लागली, की उचल देणाऱ्या व्यापाऱ्यालाच आणि त्याने ठरविलेल्या भावानेच मासळी घालण्याचे बंधन येते. बर्फामुळे मासळीला मिळालेला वाढीव अवधी मग तांडेलाचा राहत नाही. तो उचल देणाऱ्याचा होतो. ससून डॉक व भाऊचा धक्का येथील लिलावात भाव पडला असता माल रोखून धरू शकतो तो, ज्याच्याजवळ बर्फ आणि भांडवल दोन्ही आहेत. सुक्या मासळीच्या विक्रीत स्त्रियांना जे स्थान होते, तेही पेट्यांच्या घाऊक व्यापारात तितकेसे उरत नाही.

हा परिणाम अटळ मात्र नाही. पालघर जिल्ह्यातील सातपाटी येथे मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी बर्फाचा पुरवठा आणि पापलेटची एकत्रित विक्री ही दोन्ही कामे आपल्या हाती घेतली. राष्ट्रीय सहकार विकास निगमाने 1970 नंतरच्या दशकात मत्स्यसहकारास अर्थसाहाय्य देण्यास आरंभ केला, त्यात बर्फ कारखान्यांचाही अंतर्भाव होतो. साधन तेच, यंत्र तेच; मालकी बदलली की अवधीचा लाभ कोणाकडे जातो हेही बदलते.

6. लहान कारखान्याची स्थिती

लहान कारखान्याच्या अडचणी ऋतुमानाशी निगडित आहेत. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस बंदी असते. त्या 61 दिवसांत बर्फाची मुख्य मागणी थांबते, परंतु व्याज, देखभाल आणि खाऱ्या हवेने गंजणारे डबे यांचा खर्च थांबत नाही. उन्हाळ्यातील सरबते, गोळे व समारंभ यांची मागणी ही तूट काही अंशी भरून काढते. तथापि खाण्याचा व न खाण्याचा बर्फ एकमेकांत मिसळू नये म्हणून 2018 पासून राज्यात न खाण्याच्या बर्फास निळा रंग देणे बंधनकारक करण्यात आले, त्यामुळे हे दोन बाजार वेगळे झाले आहेत.

एवढ्या विवेचनावरून असे म्हणता येईल की बर्फाच्या धंद्याचे मोजमाप केवळ दररोज निघणाऱ्या टनांवरून करणे अपुरे आहे. कारखाना कोणाच्या मालकीचा, बर्फ रोखीने मिळतो की उचलीवर, आणि त्या उचलीबरोबर मासळी घालण्याचे बंधन येते की नाही, या तीन गोष्टी प्रत्येक बंदरापुरत्या तपासल्या, तरच किनाऱ्यावरील समृद्धीचा व कर्जबाजारीपणाचा उलगडा होऊ शकेल. मासळीला थांबविता येणे ही विज्ञानाची देणगी आहे. पण भाव येईपर्यंत कोळ्याला थांबता येईल की नाही, हे ठरविते ती बाजाराची रचना.