टाकी भरलेली, नळ कोरडे!

सकाळची सातची वेळ. जिन्याखालच्या पॅनलवर टाकी भरल्याचा दिवा लागलेला असतो आणि वरच्या मजल्यावरचे नळ मात्र कोरडे असतात. कधी याच्या उलट घडते. दिवा 'अर्धी टाकी' दाखवतो आणि गच्चीवरून पाण्याचे लोट वाहू लागतात. पाणीपातळी दाखवणारे यंत्र बसवलेल्या अनेक गृहनिर्माण संस्थांना हा अनुभव नवा नाही.

नाशिक शहराला गंगापूर, मुकणे आणि दारणा या धरणांतून पाणी मिळते. ते ठरावीक वेळी येते, इमारतीच्या तळटाकीत साठते आणि मोटारीने गच्चीवर चढवले जाते. ही मोटार केव्हा चालू करायची आणि केव्हा बंद, हे पातळीदर्शकाच्या भरवशावर ठरत असेल, तर त्याची चूक दोन्हीकडून महागात पडते. तळटाकी रिकामी असताना मोटार फिरत राहिली, तर तिचे सील झिजते आणि वाइंडिंगही जळू शकते. गच्चीवरची टाकी भरल्याचे कळले नाही, तर ऐन उन्हाळ्यात पाणी वाया जाते.

मुळात एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही यंत्रे पाणी मोजत नाहीत. ती दुसरेच काहीतरी मोजतात आणि त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतात. आपले यंत्र नेमके काय मोजते हे कळले, की ते केव्हा फसेल हेही कळते.

सर्वांत स्वस्त प्रकार धातूच्या प्रोबचा. वेगवेगळ्या उंचीवर सळ्या सोडलेल्या असतात. पाणी सळीला टेकले की त्यातून सूक्ष्म विद्युत प्रवाह वाहतो आणि दिवा लागतो. बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षारांचा थर सळीवर बसला, तर प्रवाह अडतो आणि भरलेली टाकी रिकामी दिसते. याउलट दोन सळ्यांमध्ये ओलसर शेवाळ किंवा गाळाचा पापुद्रा धरला, तर पाणी उतरले तरी प्रवाह चालूच राहतो आणि रिकामी टाकी भरलेली दिसते. एकाच दिशेने प्रवाह सोडणाऱ्या साध्या मंडलात सळ्या लवकर गंजतात. म्हणून सळ्या स्टेनलेस स्टीलच्या आणि मंडल दिशा बदलणाऱ्या प्रवाहाचे असावे.

फ्लोट स्विचचे दुखणे वेगळे. तो वायरीला लटकलेला तरंगता गोळा असतो. वायर पाइपात अडकली किंवा गोळा भिंतीला टेकून राहिला, की पाणी चढले-उतरले तरी तो हलत नाही. झाकणाखाली बसवलेले ध्वनिलहरींचे यंत्र पाण्यावर आपटून परत येणारा ध्वनी ऐकते. त्याच्या तोंडावर वाफेचे थेंब जमले किंवा पाण्यावर फेस असला, की त्याची गल्लत होते. शिवाय तोंडाजवळच्या काही सेंटीमीटरमधले त्याला ओळखताच येत नाही. तळाशी बसणारे दाबमापक पाण्याचा दाब मोजते. त्याचे छिद्र गाळाने बुजले, की आकडा एका जागी थिजतो.

गाळ आणखी एक घोटाळा करतो. पातळी बरोबर असली तरी साठा बरोबर असेलच असे नाही. गंगापूर धरणाची मूळ क्षमता सुमारे ७ हजार २०० दशलक्ष घनफूट होती. गाळ साचल्यामुळे ती आता ५ हजार ६३० दशलक्ष घनफूट धरली जाते. इमारतीच्या तळटाकीतही लहान प्रमाणात हेच घडते. टाकीचा आकारही फसवतो. आडव्या गोल टाकीत पाणी पाव उंचीवर असेल, तर साठा पाव नसून सुमारे २० टक्केच असतो.

मग खातरजमा कशी करावी? टाकीत स्वच्छ धुतलेली, खुणा केलेली काठी सोडून उंची मोजावी आणि दिव्याशी ताडून पाहावी. ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद टाकीत १० सेंटीमीटर पाणी म्हणजे ६०० लिटर. टाकी भरलेली, अर्धी आणि जवळजवळ रिकामी असताना अशी तीन मापे घेतली, की चूक सर्वत्र आहे की एकाच सळीत, ते उघड होते. टाकी धुण्याच्या दिवशीच सळ्याही पुसाव्यात. मात्र आधी पॅनलचा वीजपुरवठा बंद करावा. मोटारीला कोरडी फिरण्यापासून वाचवणारे स्वतंत्र संरक्षण द्यावे आणि गच्चीवरील ओव्हरफ्लोचा पाइप सहज नजरेस पडेल असा काढावा. हा पाइप कधी खोटे बोलत नाही.

सांडपाण्याच्या टाकीत ही अडचण अधिक बिकट असते. राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. अशा वाहनांत वापरलेल्या पाण्याची टाकी असते. तिच्यातील सळ्यांना तेलकटपणा आणि कागद चिकटतात आणि रिकामी टाकी भरलेली भासते. वाहन उतारावर उभे असले तरी आकडा चुकतो. टाकी रिकामी करून थोड्या स्वच्छ पाण्यासह वाहन काही अंतर चालवल्यास बराच मळ सुटतो. टाकी प्लॅस्टिकची असेल, तर बाहेरून चिकटवायचे सेन्सर हा अधिक टिकाऊ उपाय.

सेप्टिक टँकच्या बाबतीत मात्र दर्शक बिघडला म्हणून कोणालाही आत उतरवू नये. तेथील हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त प्रमाणात असला, की वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि माणसाला धोक्याची जाणीवही होत नाही. संरक्षक साधनांशिवाय अशा सफाईसाठी माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. तेथे उपसा करणारे वाहनच बोलवावे. दिवा दुरुस्त करता येतो, गेलेला जीव परत आणता येत नाही.